सहा ठिपके

त्याला सगळे इस्त्रीवाला म्हणत, पण उभ्या जन्मात त्याने एका सदऱ्यालाही इस्त्री लावलेली नव्हती. तो पेडल स्टील गिटार वाजवायचा. हे वाद्य गळ्यात अडकवत नाहीत. टेबलासारखं चार पायांवर मांडतात, पुढ्यात बसतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत राहतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बुवा कपडे इस्त्री करतोय. खाली पायांनी पायडल दाबायची, गुडघ्यांनी दांड्या ढकलायच्या आणि वर चेहरा मात्र बँकेत रांगेत उभं राहिल्यासारखा ठेवायचा. तारांखाली पडदे नाहीत, नुसत्या आखलेल्या रेघा. कांडी केसभर सरकली की सूर गेला. सगळी भिस्त कानावर.

आणि कान म्हणाल तर इस्त्रीवाल्याचा! दोन गल्ल्यांपलीकडे कुणाच्या खिशातून नाणं पडलं, तर ते कितीचं हे तो घरात बसून सांगायचा अशी ख्याती होती. ही ख्याती त्यानेच पसरवली होती, ही गोष्ट वेगळी.

अलीकडे मात्र जग त्याच्या मनातून उतरत चाललं होतं. दारावरची घंटा मेली म्हणून त्याने ती दोनदा बदलली. तिसरीही मुकीच निघाली. किटलीची शिट्टी बसली. चिमण्यांनी तर गल्लीच सोडली. ‘‘हल्ली मालच हलका येतो,’’ तो म्हणायचा, आणि त्या मालात चिमण्याही धरायचा.

रविवारी दुपारी नाचाच्या हॉलमध्ये त्यांचा बँड वाजायचा. एका रविवारी बँडमास्तरने त्याला जिन्यात गाठलं. मास्तर तोंड कानाशी आणून बोलला, कारण बातमी तशीच होती.

‘‘तुमच्या तारा कानात सुया घालतायत. पुढची दोन टेबलं उठून गेली. येत्या रविवारपर्यंत अ‍ॅम्प बदला. नाहीतर आपल्या की-बोर्डवालीच्या यंत्रात तुमच्या गिटारच्या आवाजाचं एक बटण आहे. ती दाबेल.’’

‘‘तीस वर्षं वाजवतोय मी इथे!’’

‘‘म्हणून तर सांगतोय. दुसरा असता तर आजच दाबायला लावलं असतं.’’

दोष अ‍ॅम्पचाच, याबद्दल इस्त्रीवाल्याला तिळभरही शंका नव्हती. होताच तो अ‍ॅम्प तसा. इतका जड, की तो पहिल्या मजल्यावर चढवला त्या दिवसापासून खालच्या भाडेकरूचं दार लागेना. मंगळवारी मेहुण्याला घेऊन तो जुन्या वाद्यांच्या दुकानात गेला. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. माणसांपेक्षा त्याला यंत्रांची नाडी बरी कळायची.

‘‘दाजी, स्टील गिटारला ताकद लागते ती ओरडायला नाही, स्वच्छ राहायला,’’ तो वाटेत समजावत होता. ‘‘तार छेडली की आवाज विरायला लागतो, आणि तुम्ही तो पायाने वाढवत नेता. नेमका तिथेच हलक्या अ‍ॅम्पचा दम उखडतो.’’

पहिला अ‍ॅम्प स्वस्त होता, पण आवाज अर्ध्यावर नेताच दारावरच्या कुत्र्यासारखा गुरगुरला. दुसरा राजा होता, पण किंमतही राजाची आणि वजन हत्तीचं.

‘‘हा न्यायला चौघं लागतील,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘चौघं एकदाच मिळतात,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘पुढचा दाखवा.’’

तिसरा साधी काळी पेटी होती, की-बोर्डसाठी केलेली. पंधरा इंची स्पीकर, एका हाताने उचलता येईल असं वजन, खिशाला झेपेल अशी किंमत. इस्त्रीवाल्याने कांडी फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

‘‘घोंगडीत गुंडाळल्यासारखा वाजतोय.’’

त्याने ट्रेबलचं, म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाजाचं बटण पिळलं. पाच. सात. दहा. आणि मग आली तारेची ती धार, जुन्या दिवसांतली. त्याचे डोळे भरून आले. ‘‘हाच!’’ म्हणत तो वळला.

दुकानदाराने दोन्ही कानांत बोटं घातली होती. टेबलाखाली झोपलेलं म्हातारं कुत्रं, ज्याला म्हणे भूकंपानेही उठवलं नव्हतं, रस्ता ओलांडून पलीकडे पोचलं होतं. ते पुढे गुरुवारीच परतलं. मेहुणा मात्र दाजींकडेच बघत होता. दुरुस्तीला आणलेला एखादा संच उघडून पुन्हा बंद करताना तो असाच बघायचा.

‘‘अ‍ॅम्प चांगला आहे,’’ तो हळू म्हणाला. ‘‘घेऊ.’’

घरची एक रीत होती. आवाज मनासारखा लागला की बटण जिथे असेल तिथे अ‍ॅम्पवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे हॉलमध्ये शोधाशोध नको. ठिपका तीच द्यायची. तिचा हात स्थिर. तिने बाटली उघडली. ब्रश चारच्या आकड्यावर थांबला.

‘‘दहावर, दहावर!’’ इस्त्रीवाला म्हणाला.

ब्रश हलला नाही. मेहुण्याने कोपऱ्यातला जुना अ‍ॅम्प हूं हूं करत खिडकीशी ओढला आणि बाहीने धूळ पुसली. ट्रेबलच्या बटणाभोवती सहा ठिपके होते. पहिला चारवर, विटलेला. मग पाच, सहा, सात, आठ. सहावा दहावर, लालभडक. लाल मुंग्यांची रांग चढावी तसे.

‘‘दाजी, अ‍ॅम्प जुना होऊन मंद झाला असता, तर लोकांच्या कानात सुया गेल्या नसत्या. हा तुम्ही वर्षाला एखाद-दुसरं घर चढवलाय.’’

इस्त्रीवाल्याने एकेका ठिपक्यावरून बोट फिरवलं. घंटा. किटली. मग त्याने बायकोकडे बघितलं.

‘‘चिमण्या?’’

‘‘आहेत की. आत्ताही ओरडतायत.’’

खिडकीच्या गजावर तिघी बसल्या होत्या. चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

‘‘तुला कधी कळलं?’’

‘‘तिसऱ्या ठिपक्याला.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले ना. दोनदा. तुम्हाला ऐकू गेलं नाही.’’

तिघंही हसले. आधी मेहुणा थांबला, मग ती. इस्त्रीवाला एकटाच थोडा वेळ हसत राहिला.

‘‘लाव चारवर,’’ तो म्हणाला.

रविवारी नवा अ‍ॅम्प त्याच्या पाठीशी होता आणि बायको पहिल्या टेबलाशी. त्याच्यापर्यंत पोचत होता नुसता ढोलाचा धपका आणि भिंतीपलीकडे कुणी कुजबुजावं तसा स्वतःचा हात. तिसऱ्या, संथ गाण्यात एकट्या स्टीलची जागा आली, आणि त्याचा उजवा हात आपोआप मागे, बटणाकडे गेला. बायकोने मान हलवली, इतकीशीच. हात परत आला. त्याने डोळे रेघांवर रोवले आणि कांडी रेघेवर नेऊन ठेवली, मग पुढच्या रेघेवर. सूर लागला की नाही, हे त्याने नाचणाऱ्यांच्या पायांवरून ताडलं. पाय थांबले नव्हते. पुढच्या टेबलांवरून कुणी उठलं नाही. की-बोर्डवालीने ते बटण दाबलं नाही.

‘‘काय अ‍ॅम्प निवडलात!’’ मास्तर म्हणाला. ‘‘कित्येक वर्षांत असं गोड वाजलं नव्हतं.’’

इस्त्रीवाल्याने त्याच्या ओठांकडे बघून मान डोलावली.

 घरी जाताना वाटेत थांबून त्याने पेटी खाली ठेवली. ‘‘तिसरं गाणं कसं झालं गं?’’

बायको त्याच्या समोर येऊन उभी राहिली, तोंड दिसेल अशी. ‘‘चांगलं. दुसऱ्या कडव्यात कांडी जरा खाली राहिली.’’

‘‘किती?’’

तिने अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणलं, मध्ये केसभर फट ठेवून. तो वाकून ती फट बघत राहिला.