कलम नऊ

सरोजिनीबाईंनी तिसऱ्यांदा बेल दाबली आणि बोट मुद्दाम जरा जास्तच वेळ ठेवलं. कोथरूडच्या या सोसायटीला लिफ्ट नाही. तीन जिने चढून त्यांना चांगलाच दम लागला होता. स्वतःच्या मालकीच्या दारात असं ताटकळायचं म्हणजे हद्द झाली. दुसरी किल्ली पर्समध्ये होती. “सरळ उघडून आत जा,” असं मुलगा अवधूत फोनवर दोनदा म्हणाला होता. पण एकट्या मुलीच्या घरात न विचारता शिरणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीत भाडेकरू पूर्णिमाचा चेहरा.

“काकू, आज नको ना, प्लीज.”

“सोमवारी नको, गुरुवारी नको. अगं, न्हाणीघरातून खालच्यांच्या छताला पाणी लागलंय. तीन आठवडे त्यांची बोलणी मी खातेय.” शेजारच्या दारांना कान असतात, म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. “चोवीस तास आधी कळवलं की जागा बघायचा मला हक्क आहे. कलम नऊ. सही तुझीच आहे. आज नाही म्हणालीस, तर जागा सोडायची.”

पूर्णिमा काही बोलणार, तेवढ्यात आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

“पूर्णे, कोन हाय व? बाईले दम लागला वाटते. आत घे ना तिले. दारात कोनाले उभं ठेवू नाही.”

पूर्णिमाने डोळे मिटले. मग साखळी काढली.

खुर्चीत एक नऊवारीतल्या बाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. करारात ‘एकच व्यक्ती राहील’ असंही एक कलम होतं. आधीच्या भाडेकरूने सहाजण कोंबल्यावर ते सरोजिनीबाईंनीच घालायला लावलं होतं.

“मी दुर्गाबाई, पूर्णीची माय. मोतीबिंदू काढला. दुसरा डोया पंधरा दिवसांनी. तुमी शेजारच्या का?”

सरोजिनीबाईंनी पूर्णिमाकडे पाहिलं. पाण्याचा पेला पुढे करत तिने डोळ्यांनीच विनवलं.

“हो, शेजारचीच,” त्या म्हणाल्या.

“बरं झालं आल्या. दिवसभर बोलाले कोनी नाही. बेल वाजली का पोरगी मले न्हानीत बसवते. मालकीनबाई लय कडक हाय म्हनते. मंग एक डोया घेऊन मी कुठं जाऊ?”

सरोजिनीबाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला.

“कडक आहे खरी. तोंडाळही आहे.”

“तुमच्याशी बोलते का?”

“रोज.”

“मंग सांगा तिले. पोरगी चांगली हाय माही.”

“सांगते.”

चहा झाल्यावर त्या न्हाणीघर बघायला उठल्या. नळाखालची फरशी भेगाळलेली, ओलीकच्च. कोपऱ्यात एक स्टूल, त्यावर घडी घातलेली गोधडी. बाई क्षणभर तिथेच थांबल्या. मग ते स्टूल उचलून त्यांनी बाहेर आणून ठेवलं.

पूर्णिमा दारापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते.

“काकू, मी सांगणारच होते...”

“उद्या अकराला प्लंबर येईल,” सरोजिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “दार आईंना उघडू दे. तू उघडलंस की आत यायला तीन आठवडे लागतात.”