राजाच्या पायाखालचा चौरंग

मित्रांनो, मी एका राजाच्या पायाखालचा जुना चौरंग. स्वतःची ओळख करून द्यायला मला लाज वाटते, पण लपवून तरी काय लपवू? सगळं माझ्या पाठीवरच रंगवलेलं आहे.

माझं लाकूड लेबनॉनच्या देवदाराचं. त्या काळी इजिप्तच्या राजाने नुसता निरोप धाडला, की तिकडचे सरदार जहाजं भरभरून लाकूड पाठवत. दक्षिणेच्या कूश देशातून सोनं येई, उत्तरेकडून घोडे येत. राजधानी थीब्जच्या देवळांचे खांब बघताना लोकांच्या माना दुखत. या वैभवात आपणही आहोत, म्हणून मी फुशारून गेलो होतो.

राजाचे शत्रू त्याच्या पायाखाली असायलाच हवेत, असा तिथला रिवाज. म्हणून हुई नावाच्या चित्रकाराने माझ्यावर चार देशांचे चार कैदी रंगवले, हात मागे बांधलेले. कूशच्या माणसासाठी त्याने अराका नावाचा खराखुरा कैदी समोर बसवला. त्याच्या कानात मोठी गोल रिंग होती आणि गालांवर उभे व्रण.

"हा मीच का?" अराकाने विचारलं.

"तूच रे बाबा. नाक तेवढं जरा बरं काढलंय."

"आणि हे कुठे ठेवणार?"

हुई कुंचला धुऊ लागला. "राजाच्या अगदी जवळ," तो खाली बघत म्हणाला.

अराका हसला. आपलं चित्र राजाजवळ राहणार, याचाच त्याला आनंद झाला होता. त्याचं ते हसणं आठवलं की मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुढच्याच सणाला राजाची टाच नेमकी त्याच्या तोंडावर आली.

मग कितीतरी राजे झाले. नवा राजा गादीवर बसला, की पहिल्या दिवशी माझ्यावर पाय ठेवायचा आणि लोक माझी वाहवा करायचे. पण राज्य हळूहळू आटत गेलं. लेबनॉनवाले निरोपाला उत्तर देईनात. कूशचं सोनं थांबलं. राजांच्या थडग्यांवर ज्यांनी पहारा द्यायचा, तेच आत शिरून सोनं ओरबाडू लागले. नवा राजा बसला की मला तेवढ्या दिवसापुरतं मांडत, एरवी मी कोठीत धूळ खात पडे. चित्रं मळाखाली गेली. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

आणि मग कूशचाच राजा सैन्य घेऊन आला आणि थीब्जच्या गादीवर बसला. वाड्यात नुसती धावपळ उडाली. कोठीचा म्हातारा कारभारी पाशेदू मला काखेत मारून घरी गेला. त्याची बायको तामित हिने ओल्या फडक्याने मला हलक्या हाताने स्वच्छ पुसलं.

"अहो, यावर माणसं आहेत," ती म्हणाली.

"असू देत."

"एकदा बघा तरी."

"अगं बाई, हा पाय ठेवायला असतो, बघायला नाही. दे इकडे, उशीर होतोय."

भर दरबारात राजाने पाय उचलला आणि तसाच थांबवला. त्याच्याही कानात मोठी गोल रिंग होती, गालांवर उभे व्रण होते. पाशेदूने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि जमिनीवर डोकं टेकलं.

"कोण हा?" राजाने अराकाच्या चित्राकडे बघत विचारलं.

"माहीत नाही, महाराज. आईशप्पथ माहीत नाही. माझ्या बापानेही हाच मांडला, आज्यानेही हाच. खाली कुणी बघितलंच नाही."

राजाने वाकून अराकाच्या चेहऱ्यावर बोट फिरवलं. "नाक चुकलंय," तो म्हणाला. "आमच्याकडे असं नसतं."

हसावं की रडावं, दरबाराला कळेना.

"ऊठ, म्हाताऱ्या. तुझी मान मला नको आहे."

पाशेदू लहान मुलासारखा रडला. मला वाटलं, सुटलो. आता हा मला जाळून टाकेल, नाहीतर चौघांनाही मोकळं करेल.

"सुताराला बोलवा," राजा म्हणाला. "एवढा एक खरवडून काढा."

"आणि बाकीचे तिघे, महाराज?" पाशेदूने विचारलं.

"ते राहू देत."

सुताराने तासणी चालवली. रिंग गेली, व्रण गेले, अराका भुसा होऊन जमिनीवर पडला. मग राजाने शांतपणे माझ्यावर दोन्ही पाय ठेवले. रिवाज होता तसाच राहिला.

पुढे पूर्वेकडून परकं सैन्य आलं, थीब्ज लुटलं गेलं आणि कूशचे राजे दक्षिणेला पळाले. पाशेदूच्या नातसुनेने मला पडझडीतून उचलून घरी आणलं. ती माझ्यावर पाय ठेवत नाही. पिठाची परात ठेवते, तीही कडेला. त्या खरवडलेल्या जागेवरून तिचा हात फिरतो आणि ती नवऱ्याला विचारते, "इथे कोण होतं हो?" त्याला माहीत नसतं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? एवढंच करा. पाय ठेवण्याआधी एकदा खाली बघा. आणि इथे कोण होतं असं कुणी विचारलं, तर सांगा, अराका होता. कानात मोठी गोल रिंग घालायचा. नाक तेवढं त्याचं नव्हतं.