बंद माईकची गोष्ट

रविवारी सकाळी अकराला त्या वाद्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. गिटार बघायला आलेले दोघे-तिघे, बाकी सगळे मामांना ऐकायला. मामा म्हणजे दुकानाचे मालक. तरुणपणी एका गाजलेल्या रॉक बँडचा साउंड त्यांनी सांभाळला होता. भाची त्यांना मामा म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले.

गोष्ट ठरलेली असे. मैदानावरचा कार्यक्रम आणि गायकाचा घसा दुपारपासून पार बसलेला, तोंडातून हवेशिवाय काही निघेना. "मी तिथे होतो," मामा आवाज खाली आणून म्हणत. "तो दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसला. उठला, स्टेजवर गेला आणि दोन तास गायला. शरीर काही नसतं, मन गातं." मैदानात सुरुवातीला आठ हजार माणसं होती. बावीस वर्षांत ती जागची न हलता वीस हजार झाली, आणि आता हा आकडा मामांनाही खरा वाटू लागला होता. असा गायक त्याच वर्षी, ऐन भरात, सगळ्यावर पाणी सोडून निघून गेला, इथे गोष्ट संपे. तोवर एखाद्याचे डोळे ओले झालेले असत.

पुरावा भिंतीवर होता. त्या दिवशीची, प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करायच्या साउंडबोर्डच्या बटणांखाली लावलेली पांढरी चिकटपट्टी मामांनी फ्रेम करून टांगली होती. कुठलं बटण कुणाचं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर लिहिलेलं. पोरं कार्यक्रमाला निघण्याआधी तिच्या काचेवर हात ठेवून जात.

त्या रविवारी भाची पुढच्याच स्टुलावर बसली होती. ती एका नव्या बँडची गायिका. तिच्या स्वरतंतूंना सूज येऊन आत रक्त उतरलं होतं, आणि घशाच्या डॉक्टरांनी तिला तीन आठवडे एक शब्दही बोलू नकोस असं बजावलं होतं. येत्या शनिवारी तिच्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम होता. तिने वहीत लिहून डॉक्टरांना कळवलं होतं, 'मी गाणार. तोही गायला होता.'

हा 'तो' कोण, ते बघायला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. दाराशी उभं राहून त्यांनी अख्खी गोष्ट ऐकली. मग पुढे येऊन म्हणाल्या, "तुम्ही तिथे होतात. काय करत होतात?"

हा प्रश्न मामांना आजवर कुणी विचारला नव्हता. "साउंड बघत होतो," ते म्हणाले आणि सवयीने फ्रेमकडे बोट केलं. बाईंनी चष्मा लावून पट्टी डावीकडून वाचायला घेतली. ड्रम, बेस, गिटार, गायक एक, गायक दोन. बोट तिथे थांबलं.

"गायक तर एकच होता ना?"

एका लांब केसांच्या भक्ताने तत्परतेने ज्ञान पाजळलं. तो जादाचा माईक, एक बंद पडला तर असावा म्हणून. मामांनी फ्रेमवरची नजर काढून घेतली.

"असेल," बाई म्हणाल्या. "तुमच्या कामातलं मला कळत नाही. गळा कळतो. स्वरतंतू सुजले की एकमेकांना नीट टेकत नाहीत, आणि टेकल्याशिवाय सूर निघत नाही, मन काहीही म्हणो. अशात ताण दिला तर आवाज कायमचा जाऊ शकतो. हिला माझं खरं वाटत नाही, तुमचं वाटतं. म्हणून तुम्हालाच विचारते. तो गायला होता का?"

नुसती मान हलवली असती तरी मामांचा रविवार वाचला असता. ती हलवायची त्यांची तयारीही झाली होती. पण भाची त्यांच्याकडे बघत होती, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी निर्धास्त, आणि त्या नजरेने मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही," ते म्हणाले. "गायक दोन म्हणजे टेप. रेकॉर्डिंगच्या वेळची, नुसत्या त्याच्या आवाजाची. मैदानावर तीच ऐकू येत होती. ड्रमवाल्याच्या कानातही ती चालू होती, तो तिच्या तालावर वाजवत होता आणि बाकीचे त्याच्या मागून. गायक ओठ हलवत होता. त्याचा माईक मीच बंद ठेवला होता."

कुणीतरी हसून म्हणालं, मामा मस्करी करतायत. दुसऱ्याचं मत पडलं की दोन तास ओठ असे जुळवणं हासुद्धा चमत्कारच. एक मोडला, तर लोक त्याच्याच तुकड्यांतून दुसरा जोडायला बसले.

"पण तो भिंतीकडे तोंड करून बसला, ते तरी खरं ना?" लांब केसवाल्याने विचारलं.

"खरं. रडत होता."

मग कुणी हसलं नाही. मामांनी उरलेलंही सांगून टाकलं. पुढच्या कार्यक्रमात नवी गाणी होती, त्यांची टेप नव्हती. त्याला खरंच गावं लागलं आणि दुसऱ्याच गाण्यात आवाज फाटला, तो पुन्हा आलाच नाही. सगळ्यावर पाणी वगैरे त्याने काही सोडलं नव्हतं. आता तो फोनवर बोलला तर पलीकडच्याला ऐकू येत नाही. मामा गेल्या अकरा वर्षांत त्याला भेटायलाही गेले नव्हते.

भाचीने मोबाईल काढला. शनिवारी जमणार नाही, असं बँडला कळवून टाकलं. मग वहीत काहीतरी लिहून वही मामांपुढे धरली. 'मी आठ वर्षांची असल्यापासून ऐकतेय. मला तरी खरं सांगायचंस.'

"लाज वाटते गं," मामा सगळ्यांदेखत म्हणाले. "आधी त्याची अब्रू झाकायला बोललो. मग तुम्ही ऐकायला लागलात आणि मला चटक लागली." ते गर्दीकडे वळले. "मी तिथे होतो असं कुणी म्हटलं की आपण गप्प होतो. गप्प बसू नका. तिथे काय करत होतास, कसं झालं, विचारा. डॉक्टर सांगते त्याच्या उलट कुणी सांगत असेल तर दहादा विचारा. आणि तो माणूस घरचा असला तरी विचारा."

दुकान हळूहळू रिकामं झालं. बाई भाचीला औषधाच्या वेळा पुन्हा समजावून निघून गेल्या. मामांनी दोनदा हाक मारली, भाचीने वर पाहिलं नाही. तिला बोलायची मनाई होती, आणि कदाचित बोलायचंही नव्हतं. यातलं खरं कोणतं, हे कळायला मामांना तीन आठवडे थांबावं लागणार होतं.