उलट्या फळ्यांचा संघ

निम्मा हंगाम संपला तेव्हा गुणतक्त्यात सगळ्यात वर 'गंजके कोयंडे' होते. मामाला हे कळलं तेव्हा तो एका बाईंच्या कपाटाची किल्ली कापत होता. त्याने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं, आणि किल्ली पुरी करून कानशीने दाते साफ केले.

"लागेल ना नीट?" बाईंनी विचारलं.

"लागेल."

बाई गेल्या. मामाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कोयंडे अजून पहिलेच होते. त्याला काहीच वाटलं नाही. गेले कित्येक दिवस त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही वाटत नव्हतं. बहिणीने चहात साखर घालायची बंद केली होती. तीन-चार आठवड्यांनी तिनेच सांगितलं तेव्हा त्याला कळलं. साखर तिनेही मुद्दाम बंद केली नव्हती. ती विसरत होती, एवढंच.

मामा म्हणजे किल्लीवाला. भाची एकच, पण ती लहानपणापासून दुकानात बसून दर वाक्याला "मामा, मामा" करायची, त्यामुळे सगळा रस्ताच त्याला मामा म्हणू लागला. बहिणीचा नवरा लवकर गेला आणि मायलेकी त्याच्याकडे राहायला आल्या. त्याने स्वतः लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, आयतं घर भरलंय, आता आणखी कशाला गर्दी. भाची मोठी झाली, बस डेपोच्या चौकशी खिडकीत नोकरीला लागली. दिवसभर लोकांना बस का आली नाही हे सांगून संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन बसायची आणि आपली बर्फावरची हॉकी खेळायची.

ही हॉकी खरी नव्हे. कुठे बर्फ नाही, काठ्या नाहीत, कोणाचा दात पडत नाही. जगातले काही हौशी लोक एकेक काल्पनिक संघ पाळतात, कुत्रं पाळावं तसा. संघात आघाडीच्या चार फळ्या असतात. पहिली फळी सगळ्यात जास्त वेळ मैदानात, चौथी सगळ्यात कमी. कोणाला कुठल्या फळीत घालायचं तेवढं मालकाने ठरवून पाठवायचं. मग रोज संध्याकाळी लीगचा संगणक सगळे सामने आपला आपणच खेळतो आणि निकाल लावतो. मालकांनी फक्त कपाळ बडवायचं आणि एकमेकांची उणीदुणी काढायची. नवी फळी पाठवली नाही तर निम्म्या हंगामापर्यंत जुनीच पुढे चालू राहते. मामाला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा, आणि तो तसं रोज म्हणायचाही.

भाचीने संघाला नाव दिलं ते मामाच्या दुकानावरून. खेळाडूंची नावंही तिचीच. इस्त्रीवाला, वीजबिलवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, डेपोतला साहेब. एक म्हातारा, ढिम्म खेळाडू होता, त्याचं नाव 'मामा'. हा मामा कायम चौथ्या फळीत. बर्फावर आला न आला की परत बाकावर.

"मला एकदा तरी खेळव," मामा म्हणायचा.

"तुमचे गुडघे दुखतील," भाची म्हणायची. "बसा तिथेच. बाकावरून आरडाओरडा करा, ते तुम्हाला छान जमतं."

आता खरी गंमत झाली ती अशी. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी भाची हॉस्पिटलात होती. दोन्ही हातांना सुया, त्यामुळे संगणकाला हात लावता येत नव्हता. ती उशीला टेकून सांगत गेली आणि मामा तिच्या पायाशी संगणक घेऊन भरत गेला. पहिली फळी हे तिघे, दुसरी हे तिघे. पडद्यावर चार चौकटी शेजारी शेजारी होत्या. डावीकडची पहिली, उजवीकडची चौथी. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण मामाची हयात गेली किल्ल्या कापण्यात. यंत्रात किल्ली अडकवली की तिची मूठ उजव्या हाताला येते, आणि दाते मोजायचे ते नेहमी मुठीकडून टोकाकडे. त्याच्या डोळ्यांना पहिलं म्हणजे उजवीकडचं. त्याने उजवीकडून भरायला घेतलं आणि मोठ्या समाधानाने 'पाठवा' दाबलं.

मग पडदा तिच्याकडे वळवला.

भाची बघत राहिली आणि हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली, नर्स धावत आली. "मामा," ती दम घेत म्हणाली, "अख्खा संघ उलटा टांगलात की. चौथी फळी पहिली झालीय. आणि तुम्ही स्वतः बसलात सगळ्यात पुढे जाऊन."

"मी मुद्दाम नाही हं केलं."

"माहितीय. केलं असतंत तर जमलं नसतं."

"बदलू का?"

तिने डोळे मिटले. "दमले मी. उद्या बदलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्या संध्याकाळी संगणकाने ठरल्याप्रमाणे पहिला सामना खेळला आणि उलटे टांगलेले कोयंडे जिंकले.

ते पुढेही जिंकतच राहिले. मामा रोज दुकान आवरायच्या आधी निकाल बघायचा. का बघतोस असं त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बाकी सगळीकडे भाची गेली होती. डेपोत तिच्या खिडकीत दुसरी मुलगी बसली, तिचे कपडे बहिणीने कोणाला तरी देऊन टाकले, दारावरची पाटी बदलून झाली. एका त्या लीगमध्ये ती गेली नव्हती. तिथे कोणाला माहीतच नव्हतं. कोणी कोणाला कधी पाहिलेलं नाही, भेटीगाठी नाहीत, आणि ती मुळातच कमी बोलणारी. तिच्या नावापुढे गुण वाढत होते. तिथे ती चांगली चालली होती.

आणि मग मध्यंतराचा आढावा आला. लीग चालवणारा एक गृहस्थ होता, त्याला सगळे पंच म्हणत. दर हंगामाच्या मध्यावर तो लांबलचक लेख लिहायचा. कोण वर गेलं, कोण आपटलं, कोणी नाक कापून घेतलं. या वेळी त्याला लिहायला भरपूर होतं. गेल्या वर्षीचा विजेता संघ एका दंतवैद्याचा, तो गटांगळ्या खात सातव्या नंबरावर आला होता. एका बेकरीवाल्याचा संघ घरच्या मैदानावर एकही सामना जिंकत नव्हता आणि बाहेर एकही हरत नव्हता. पण निम्मा लेख कोयंड्यांवर होता.

"ज्यांना आपण सगळ्यांनी तळाला धरलं होतं," पंचाने लिहिलं होतं, "त्यांच्या मालकीणबाईंनी आपल्या सगळ्यांना शेंडी लावली. समोरचा संघ स्वतःचे सगळ्यात चांगले बचावपटू नेहमी आपल्या पहिल्या फळीवर सोडतो. ताईंनी पहिल्या फळीत ठोकळे उभे केले. समोरचे वाघ त्या ठोकळ्यांशी झुंजून दमतात, आणि मग ताईंचे खरे खेळाडू चौथ्या फळीतून ताजेतवाने उतरतात. सगळ्यात पुढे 'मामा' नावाचा ठोकळा उभा करायला वाघाचं काळीज लागतं. ताई, दोन शब्द लिहा. हे सुचलं कसं?"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि लोक कावळ्याला लाकूडतोड्या ठरवून मोकळे होतात. खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला होता. ताई, गुरुमंत्र द्या. ताई, शिकवणी लावा. दंतवैद्याने लिहिलं होतं की पुढच्या जन्मी तो मामा होऊन कोयंड्यांत येणार आहे.

लेखाच्या शेवटी नेहमीची सूचना होती. उत्तरार्धासाठी प्रत्येक मालकाने उद्या संध्याकाळपर्यंत फळ्या पुन्हा पाठवायच्या. ज्याच्याकडून येणार नाहीत त्याचा संघ रांगेतल्या नव्या माणसाला दिला जाईल, नवं नाव, नवे खेळाडू.

मामाने सूचना वाचली आणि दुकान बंद केलं. चावी त्याने कुलपात उलटी घातली. हयातीत पहिल्यांदा.

घरी बहीण कपड्यांना इस्त्री करत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"तिचा तो खेळ होता ना," तो म्हणाला. "संघ पहिला आलाय."

बहिणीने इस्त्री उभी केली. भाचीबद्दल दोघं बोलत नसत. भांडण नव्हतं. दोघांनाही वाटायचं, दुसरा बोलेल तेव्हा बोलू.

"खेळ अजून चालू आहे?" तिने विचारलं.

"आपोआप चालतो."

"कोणाला सांगितलंस तिथे?"

"नाही."

"का?"

बहिणीने एक बाही सपाट केली, मग दुसरी. मग म्हणाली, "पहिला कसा आला? ती तर म्हणायची आमचा संघ शेवटून पहिला."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. सुया, चौकटी, मूठ उजवीकडे, ती हसली ते, तिला धाप लागली ते. सांगताना त्याचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा येत होता, हे त्यालाही ऐकू येत होतं. तो ऐकत होता आणि सांगत होता.

"हसली?" बहिणीने विचारलं.

"खूप."

"मला नाही सांगितलंस हे."

"नाही सांगितलं."

"आणि काय म्हणाली शेवटी?"

"उद्या बदलू म्हणाली."

कपड्यांचा ढीग संपला होता तरी बहिणीने इस्त्री बंद केली नव्हती. "मग बदल," ती म्हणाली.

"बदलली तर हरतील. आत्ता पहिले आहेत."

"दादा, तिने तुला जिंकायला सांगितलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मामा मागच्या खोलीत जाऊन बसला. बहीणही आली होती, दुकानात ती एरवी कधी यायची नाही. मामाने आधी पंचाला लिहिलं. त्याला लिहिता येत होतं तेवढंच लिहिलं.

"मी मामा. खरा. ताई हंगामाच्या पहिल्याच दिवशी वारली. तिने फळ्या सरळ सांगितल्या होत्या, मी उलट्या भरल्या. युक्तीबिक्ती काही नाही. तिने पाहिलं आणि उद्या बदलू म्हणाली. ते राहिलं होतं. आज बदलतो. संघ काढून घेणार असाल तर आजचा सामना झाल्यावर घ्या."

मग त्याने फळ्या बदलल्या. अवघड नव्हतं, चौकटी उलट्या क्रमाने लावायच्या होत्या. इस्त्रीवाला, काकू आणि डेपोतला साहेब पहिल्या फळीत. सगळ्यात शेवटी उरला तो म्हातारा. मामाने त्याला उचलून चौथ्या फळीच्या कोपऱ्यात ठेवलं. मग बहिणीकडे पाहिलं.

"कुठलं बटण?" तिने विचारलं.

त्याने दाखवलं. तिने चष्मा नाकावर सरकवला आणि 'पाठवा' दाबलं.

तासाभराने पंचाचं उत्तर आलं. संघ कोणी काढून घेणार नव्हतं. पंचाने लिहिलं होतं, "नियम मीच केलेत, मीच मोडतो." त्याखाली इतर मालक एकेक करून आले. बेकरीवाल्याने नुसतं नाव लिहिलं. बाकीच्यांनीही नुसती नावं लिहिली, हजेरी द्यावी तशी. एवढा बोलघेवडा दंतवैद्य, त्याने लिहिलं, "मीही गेल्या आठवड्यात संघ उलटा लावला होता. माझे सगळे सामने गेले. ताईंना सांगा की". एवढंच लिहून तो थांबला होता.

संध्याकाळी निकाल लागला. समोर तळाचा संघ होता, ज्याला कोणीही यावं आणि हरवावं. वाघ थेट कोयंड्यांच्या चांगल्या पोरांवर सुटले. कोयंडे सपाटून हरले. त्यांचा एक गोलसुद्धा झाला नाही.

मामा पडद्याकडे बघत राहिला. बाहेर कोणीतरी काउंटरवर नाणं वाजवत होतं. त्याला ऐकू येत होतं पण उठता येत नव्हतं. छातीत काहीतरी भरून आलं आणि त्याला आधी वाटलं, आजारी पडतोय की काय आपण.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

"हरली," मामा म्हणाला. संघ हरला म्हणायचं होतं त्याला, पण तोंडातून असंच आलं. एवढा बाप्या माणूस, हॉस्पिटलात रडला नाही, दारावरची पाटी बदलताना रडला नाही, आणि खोट्या हॉकीतल्या खोट्या संघासाठी मान खाली घालून हुंदके देत होता. बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नाणं वाजवणारा माणूस थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

"आणि मामा?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं. "तो काय करत होता?"

त्याने बाहीने डोळे पुसले आणि पडद्यावर शोधलं.

"बसून होता. बाकावर."

"बसू दे," बहीण म्हणाली. "गुडघे दुखतात त्याचे."