सुलतानांचं बिऱ्हाड

"डोळे बांधा माझे आणि सोडा रौद्यात. कुठला सुलतान कुठे झोपलाय ते नुसत्या तळपायानं सांगतो," मुंदिर म्हणाला.

रौदा म्हणजे राजवाड्यातलीच सुलतानांच्या कबरींची बाग, आणि मुंदिर तिचा राखणदार. वेढा घालून बसलेल्या कस्तालियाच्या राजाला शहराच्या किल्ल्या द्यायचं ठरलं होतं, आणि आमचे सुलतान डोंगरातल्या गढीवर निघाले होते. त्यांनी तख्त सोडलं, हमाम सोडला, पण आजे-पणजे सोडायला ते तयार नव्हते. आजोबा ज्या घरात पुरले ते घर आपलं, आजोबाच मागे राहिले तर आपण सुलतान कुठले, असं त्यांचं म्हणणं.

पहिला मान थोरल्या सुलतानांचा, ज्यांनी शहर जिंकलं त्यांचा. मुंदिरनं पाय आपटून जागा दाखवली. गडी कमरेइतकं खणून बसले. डाळिंबाची मुळं निघाली, एक फुटका माठ निघाला, सुलतान काही निघाले नाहीत. मग मुंदिरला आठवलं. पूर्वी एका राणीसाहेबांना सज्ज्यातून बघताना कबरींचे दगड पाण्याच्या पाटाशी तिरके दिसायचे, म्हणून त्याच्या वडिलांनी ते एका रेषेत बसवले होते. दगड सरकले, सुलतान होते तिथेच राहिले.

दिवसभर एक कोपरा सोडून सगळी बाग उकरली. हाडं न्यायला आणलेल्या बाकीच्या पेट्या कुणाच्या ना कुणाच्या हाडांनी भरल्या. थोरल्यांची तेवढी रिकामी राहिली, आणि कारभारी इब्न सम्माक घाम पुसत बसले.

याच कारभाऱ्यांनी सकाळी मुंदिरला हाकललं होतं. त्याची लेक नुज्हा लांबलेल्या वेढ्याच्या पहिल्याच हिवाळ्यात उपाशी गेली. दफनभूमी वेशीबाहेर, तिथे शत्रूचे तंबू. त्यानं तिला गुपचूप रौद्याच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. आता इथे घोड्यांच्या पागा होणार असं ऐकून तो तिलाही न्या म्हणाला, तर कारभारी म्हणाले, "तुझी पोरगी कुठली राणी लागून गेली?"

आता मुंदिरची बायको जोहर पुढे आली.

"सय्यदी, एक पेटी रिकामी आहे ना? माझी लेक मावेल तिच्यात."

कारभाऱ्यांनी रिकामी पेटी तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "आटपा लवकर."

जोहरनं लेकीला आपल्या लग्नातल्या शालीत गुंडाळलं. सुलतान आले, त्यांनी पेटी उचलून छातीशी धरली. "किती हलके झालात हो, आजोबा," म्हणाले आणि रडले. शेजारी जोहर इतकी रडली की सुलतानांनी तिला आपला रुमाल दिला. अशी निष्ठा आता उरली नाही, असं दरबारी एकमेकांना सांगत होते.

नवराबायको खेचरामागून चालत गढीवर गेले. तिथल्या नव्या रौद्यात सगळ्यात चांगली जागा नुज्हाला मिळाली, वर सोनेरी अक्षरांचा दगड. मुंदिरला वाटलं, राखणदारी आपल्यालाच मिळेल, मग रोजची भेट. पण थोरल्यांच्या कबरीवर सामान्यांची सावली पडू नये, म्हणून राजरक्ताशिवाय कुणाला आत सोडायचं नाही असा सुलतानांनी हुकूम काढला.

शुक्रवारी जोहर कबरीवर ठेवायला डाळिंबाची डहाळी घेऊन आली. पहारेकऱ्यानं ती दाराबाहेरच ठेवायला लावली.

ती शेळीनं खाल्ली.