रूपाच्या हातचा घाटा

सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण गेल्या वर्षी रूपानं घरी घाटा केला तेव्हा मी एकट्यानं सात वाट्या खाल्ल्या, आणि सातव्या वाटीला माझी पडलेली दाढ परत उगवली.

हे मी बचत गटाच्या बायांना सांगत होतो. शेडसमोर वाट्या घेऊन त्या कधीच्या उभ्या होत्या आणि एकही वाटी पुढे होत नव्हती. आमच्या साक्रीकडे बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा शिजला की थापायला आलेलीनं आधी वाटीभर खायचा, वर कच्चं तेल घेऊन. त्याशिवाय कुणी थापायला बसत नाही. आज ढवळायला रूपा होती. तिला एचआयव्ही आहे म्हणून इतके दिवस तिच्याकडे नुसती पाकिटं बंद करायचं काम. आता त्याला मशीन आलं, म्हणून ती घाट्यावर.

"डॉक्टरनी दोनदा येऊन सांगितलं, खाण्यातून लागत नाही," गटाच्या प्रमुख प्रमिलाबाई थकून म्हणाल्या. "मी तरी किती सांगू? खायचं नसेल तर रूपाला घरी पाठवते."

रूपा ढवळत राहिली. घरी म्हणजे काय, ते तिला ठाऊक. नवरा गेल्यावर ऊसतोडीचा मुकादम उचल द्यायचा आणि मग हवं तेव्हा दार वाजवायचा. गटाची कमाई हातात आली, तेव्हा कुठे तिनं आतून कडी लावली.

म्हणून मी गोष्ट ताणली. "दाढ जाऊ द्या. गुडघे असे मोकळे झाले की पिंपळनेरपर्यंत पळत गेलो. एसटी मागे राहिली. कंडक्टर ओरडतोय, आबा, थांबा!"

"तिकीट फाडायचं असंल त्याला," भागाबाई म्हणाली.

दोघीतिघी हसल्या. एकीची वाटी बोटभर पुढे सरकली. मला चेव आला.

"खोटं वाटतं तर रूपालाच विचारा. पातेलं खरवडून खाल्लं मी!"

रूपाचा हात थांबला. तिनं पदरानं घाम पुसला, एक वाटी भरली, वर तेल सोडलं आणि सगळ्यांदेखत माझ्यासमोर धरली.

"बठ्ठं खोटं शे, आबा, सगळंच. त्या दिवशी तुम्ही एकादशी सांगून वाटी परत दिली होती. आज काय शे?"