सगळ्यात खालचा गालिचा

रमजान जवळ आला की आमच्या गावात मशिदीतले गालिचे धुवायला तळ्यावर नेतात. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावानं एक गालिचा मशिदीला द्यायचा आणि तो जुन्यांवरच अंथरायचा, ही इथली रीत. त्या वर्षी सगळ्यात खालचाही बाहेर निघाला. विटलेला, कडा कुरतडलेला.

मशिदीची देखभाल करणारा रुस्तम कात्री घेऊन आला. "खोगिराखाली घालायला बरा आहे."

त्याची मुलगी सेनिहा, मी शाळेत शिकवते त्या वर्गातली. ती त्या ओल्या गालिच्यावर फतकल मारून बसली. "बाबा, आधी मला कापा!"

"ऊठ गं! कोन्याला, शहरात जाऊन शिकायचं खूळ कमी होतं, त्यात हे नवीन!"

"हा फार जुना आहे, बाबा."

"असं? मग कुणी विणला ते संध्याकाळपर्यंत सांग. सांगितलंस तर जा कोन्याला. नाहीतर हा खोगिराखाली आणि तू मागावर. तुझ्या शाळेच्या बाईंसमोर बोलतोय."

गालिचे धुणाऱ्या बायकांतून दोन्दू आजी लगेच पुढे सरसावल्या. "माझ्या सासूचा आहे तो!"

"तुमची सासू विणायची कधी? सदा झोपलेली!" मागून कुणीतरी म्हणालं. बायका खो खो हसल्या. मग ज्या त्या बाईला त्यात आपल्याच घरची नक्षी दिसू लागली.

सेनिहानं गालिचा उलटा केला. पाठीकडची वीण नीट पाहिली, आणि दिवसभर घरोघर जाऊन गालिचे उलटून पाहत राहिली. संध्याकाळी दोन्दू आजींनी तिला कोपऱ्यात घेतलं. "अगं, माझ्या सासूचं नाव घे आणि मोकळी हो. कोण तपासायला बसलंय?"

रुस्तम वाट पाहत होता. "बोल."

"आपल्या गावात आडवा धागा तपकिरी असतो, बाबा. याचा तांबडा आहे. गाठीही वेगळ्या. हा इथल्या कुणाचाच नाही."

"मग कुणाचा?"

"माहीत नाही." तिची मान खाली गेली नाही. "म्हणूनच मला शिकायचंय."

"दोन्दू आजींच्या सासूचं नाव घेतलं असतंस तर मी मानलं असतं."

"पण ते खरं नाही ना."

रुस्तमनं कात्री खिशात घालून गालिच्याचं एक टोक उचललं. "दुसरं टोक धर. होता तिथंच अंथरू."

"आणि मी?"

"तू पैज हरलीस," तो म्हणाला. "उत्तर अजून द्यायचंय. शिकून ये आणि दे. तोवर याला कुणी हात लावणार नाही."